उडी कुणाची चुकते: तुमची, टीव्हीची की गेमची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नव्वदच्या दशकात नाशिकला पंचवटीत मामांकडे सुट्टीत टीव्हीला जोडायच्या लाल-पांढऱ्या यंत्रावर मारिओ आणि कॉन्ट्रा खेळलात, पुढे मित्राच्या प्लेस्टेशनवर क्रॅश बँडिकूट संपवला. आता इंदिरानगरला स्वतःचं घर आहे, भिंतीवर मोठा टीव्ही आहे, जुन्या गेम्सच्या नव्या आवृत्त्या हौसेनं विकत घेतल्यात, आणि जिथून डोळे मिटून पलीकडे जायचात त्याच खड्ड्यात आता पडताय. घरचे म्हणतात, वय झालं. तुम्हाला शंका आहे की रिमास्टर करणाऱ्यांनीच, म्हणजे जुना गेम नव्यानं सजवून विकणाऱ्यांनीच, घाण केली. जुना डबा टीव्ही आणि मूळ कॅसेट शोधाव्यात का, आणि दहा वर्षांच्या मुलीला कुठून सुरुवात करून द्यावी, असं विचारलंय.

मी सिडकोत टीव्ही आणि गेमची यंत्रं दुरुस्त करतो. पिक्चर ट्यूबच्या जमान्यापासून हेच काम आहे आणि स्वतः खेळतोही. ‘गेमचा रिमोट बिघडलाय, बटण उशिरा लागतं’ म्हणून गिऱ्हाईक येतं, आणि बहुतेक वेळा रिमोट ठणठणीत निघतो. तुमच्या बाबतीत मला तीन वेगवेगळ्या गोष्टींची सरमिसळ दिसते: टीव्ही उशीर करतोय, काही गेम खरोखर बदललेत, आणि तुमच्या हाताला जो वेग पाठ आहे तो कदाचित मूळ गेमचा वेगच नाही. यातलं कशाचं प्रमाण किती, हे टीव्हीचं मॉडेल, गेमची नेमकी आवृत्ती आणि मामांकडचं यंत्र यांवर अवलंबून आहे. तेव्हा न बघता ‘रिमास्टर वाईट’ असा निकाल मी देणार नाही.

सुरुवात टीव्हीपासून करा, कारण त्याला खर्च नाही. डबा टीव्हीत यंत्रातून निघालेला सिग्नल जवळजवळ तसाच ट्यूबमधल्या गनपर्यंत जायचा आणि पडद्यावर ओळीमागून ओळ उमटायची. चित्र मधे कुठे साठवलंच जात नव्हतं. आजचा टीव्ही अख्खं चित्र आधी आत घेतो, ते मोठं करतो, कडा धारदार करतो, रंग भडक करतो, काही मॉडेल्स तर दोन चित्रांच्या मधली चित्रं स्वतःच बनवून घुसवतात. सिनेमा बघताना याचं काहीच वाटत नाही. गेममध्ये मात्र तुम्ही बटण दाबलेलं आणि पडद्यावर दिसलेलं यात अंतर पडतं. गेम मोड, म्हणजे ही सगळी सजावट कमी करणारी सेटिंग, बंद असलेल्या टीव्हीवर हे अंतर सेकंदाचा दहावा भाग, म्हणजे १०० मिलिसेकंद, सहज होऊ शकतं.

दहावा भाग म्हणजे किती, ते मारिओतच मोजू. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स सेकंदाला ६० चित्रं दाखवतो. पूर्ण वेगात पळणारा मारिओ दर चित्राला अडीच पिक्सेल पुढे सरकतो आणि एक वीट १६ पिक्सेल रुंद असते. १०० मिलिसेकंदांत सहा चित्रं होतात, म्हणजे १५ पिक्सेल. तुम्हाला पडद्यावर मारिओ कड्याच्या टोकावर दिसतो तेव्हा गेमच्या हिशेबात तो जवळपास एक वीट पुढे, हवेत गेलेला असतो. अशा वेळी बटण दाबून काय होणार? तुम्ही पडता, आणि दोष वयाला लागतो.

म्हणून टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड लावा. काही टीव्हींत हा मोड प्रत्येक एचडीएमआय पोर्टला वेगळा लावावा लागतो. सेट टॉप बॉक्सच्या पोर्टला लावून उपयोग नाही. नव्या टीव्हीत ‘ऑटो लो लेटन्सी’ असा पर्याय असेल तर तोही चालू ठेवा, म्हणजे कन्सोल (गेमचं यंत्र) सुरू झाला की टीव्ही आपोआप गेम मोडमध्ये जातो. चित्र थोडं फिकं वाटेल, दोन दिवसांत सवय होते. मधे साउंडबार किंवा होम थिएटर असेल तर चाचणीपुरता काढून कन्सोल थेट टीव्हीला जोडा. उडीचा आवाज उशिरा आला तरी बोटं गोंधळतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

फरक खरंच पडला का, हे मोबाईलवर तपासता येतं. हल्लीच्या बऱ्याच फोनमध्ये सेकंदाला २४० चित्रांचं स्लो मोशन असतं. बटणावरचा अंगठा आणि पडदा दोन्ही एकाच चौकटीत येतील असा फोन धरा, चारपाच उड्या मारा आणि मग व्हिडिओ एकेक चित्र पुढे सरकवत मोजा. बटण खाली गेल्यापासून मारिओ हलेपर्यंत जितकी चित्रं, गुणिले चार, तितके अंदाजे मिलिसेकंद. यात कन्सोल आणि रिमोटचा उशीरही धरला जातो, त्यामुळे आकडा शून्य कधीच येणार नाही. गेम मोडच्या आधी आणि नंतर किती फरक पडला, तेवढंच बघायचं.

आता दुसरी गोष्ट. मला स्वतःला यातच जास्त रस आहे, आणि तुमच्या पिढीतल्या जवळजवळ प्रत्येकाला ती लागू पडते. आपल्याकडचे तेव्हाचे टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० वेळा पडदा रंगवणारे. जपान आणि अमेरिकेत तो आकडा ६०. त्या काळच्या गेम्सना वेगळं घड्याळ नव्हतं. पडदा एकदा रंगला की गेम एक पाऊल पुढे, असा साधा हिशेब. मारिओची कंपनी निन्टेन्डोच्या यंत्राची नक्कल करून पाल टीव्हीसाठी बनवलेल्या यंत्रात जपानी किंवा अमेरिकन गेमची कॅसेट घातली की सेकंदाला ६० ऐवजी ५० पावलं पडायची. अख्खा गेम सहाव्या हिश्श्यानं मंद. मशरूमसारखे शत्रू मंद, कासवं मंद, संगीताचा ठेका मंद, उडीही हवेत जास्त वेळ तरंगणारी. निन्टेन्डोनं युरोपसाठी स्वतः काढलेल्या मारिओच्या पाल आवृत्तीत हा मंदपणा भरून काढायला आतले वेग वाढवले होते. आपल्या ‘९९९९९ इन १’ वाल्या कॅसेटमध्ये कोण कशाला ती उस्तवार करतंय?

म्हणजे मामांकडचं यंत्र ५० चं असेल, तर तुमच्या बोटांत मुरलेला मारिओ मुळातच संथ होता. आता विकत मिळणारा ६० चा आहे. नवी आवृत्ती तुम्हाला घाईची वाटते, पण मारिओचे जनक मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आखलेला वेग हाच आहे.

याची खात्री करायला घड्याळ पुरतं. पहिल्या स्टेजच्या सुरुवातीला मारिओला जिथल्या तिथे उभा ठेवा. तो पुढे सरकल्याशिवाय तिथे कुणी येत नाही. वरच्या कोपऱ्यातला आकडा ४०० पासून उतरायला लागतो. त्यातला एक आकडा २४ चित्रांनी कमी होतो. ४०० वरून ३०० वर यायला ४० सेकंद लागले तर गेम ६० च्या वेगानं चाललाय, ४८ लागले तर ५० च्या. मामांकडचं यंत्र अजून माळ्यावर असेल आणि चालू होत असेल, तर त्यावरही हे करून बघा. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या यंत्रांची पहिली तपासणी मी अशीच करतो.

या गोंधळातून कंपन्याही सुटलेल्या नाहीत. सोनीनं २०१८ मध्ये प्लेस्टेशन क्लासिक नावाचं छोटं यंत्र काढलं, वीस गेम आत भरलेले. त्यातल्या काही गेम्सच्या चक्क युरोपातल्या ५० च्या आवृत्त्या घातल्या होत्या. लोकांनी त्यावर भरपूर टीका केली, आणि ती रास्त होती. म्हणून ‘कंपनीचं आहे म्हणजे बरोबरच असणार’ असं धरून चालू नका.

यानंतर तुमची खरी शंका: गेमच बदललाय का? काहींच्या बाबतीत हो. क्रॅशचं तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे, तिथे तुमच्या हाताचा दोष कमी. मूळ क्रॅश नॉटी डॉग या कंपनीचा, १९९६ चा. २०१७ ची एन सेन ट्रिलॉजी व्हायकेरियस व्हिजन्सनं नव्यानं बांधली. तीन गेम्ससाठी तीन वेगळ्या हालचाली ठेवण्याऐवजी त्यांनी तिसऱ्या भागाची हालचाल पायाला घेतली, आणि पहिल्या भागात त्यामुळे उडीला जास्त अचूकपणा लागतो हे त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. शिवाय जमिनीशी टेकण्यासाठी क्रॅशभोवती जो अदृश्य आकार असतो तो नव्या आवृत्तीत तळाशी गोलसर आहे. मूळ गेममध्ये पायाचं टोक कडेला लागलं तरी तो उभा राहायचा. आता कडेवर उतरला की घसरतो. पहिल्या भागातले ते तुटके दोरीचे पूल आठवतात ना? तिथे सगळ्यांची रडारड याच्यामुळेच. उपाय म्हणजे फळीच्या कडेचा नाद सोडून मध्यावर उतरायचं आणि उडीचं बटण पूर्ण दाबून धरायचं. आणि ट्रिलॉजीची सुरुवात दुसऱ्या भागापासून करा, पहिला शेवटी खेळा. क्रम मोडल्यानं काही बिघडत नाही, कथेसाठी कोण खेळतंय इथे.

मारिओचंही असंच एक उदाहरण आहे. १९९३ च्या सुपर मारिओ ऑल-स्टार्समध्ये जुने गेम नव्या, देखण्या चित्रांत आले. पण मूळ गेममध्ये वीट फोडली की मारिओ डोकं आपटून लगेच खाली येतो, आणि ऑल-स्टार्समध्ये वीट फोडूनही तो वर जातच राहतो. ऐकायला किरकोळ वाटतं. विटांच्या खालून पळत, फोडत जायची ज्याला सवय आहे त्याचा मात्र सगळा ताल तिथे बिघडतो. माझ्या मते ऑल-स्टार्सची चित्रं कितीही गोड असली तरी पहिल्या भागासाठी १९८५ चीच आवृत्ती घ्यावी.

नवी आवृत्ती निवडताना मी नेहमी उडी आधी बघतो, चित्रं नंतर. जुना गेम जसाच्या तसा नव्या यंत्रावर चालवला असेल, तर उडी सहसा तीच राहते. २०१५ चं मेगा मॅन लिगसी कलेक्शन आणि २०१९ चं कॉन्ट्रा ॲनिव्हर्सरी कलेक्शन या जातीची. मेगा मॅनमध्ये तर गर्दी झाली की पात्रं लुकलुकतात, तेसुद्धा ठेवलंय. मूळ यंत्राला पडद्याच्या एका ओळीत पात्रांचे आठच हलते तुकडे दाखवता यायचे, म्हणून ते लुकलुकणं. तो रिमास्टरचा दोष समजून कुणाशी भांडू नका. गेम पायापासून नव्यानं लिहिला असेल, तर उडी बदललेली असणार असं गृहीत धरून खेळायला बसा आणि पहिले दोन दिवस हाताला नवीन शिकू द्या. सगळ्या नव्या बांधणी वाईट असतात असं मुळीच नाही.

सोनिक हे त्याचं चांगलं उदाहरण. ख्रिश्चन व्हाइटहेड या प्रोग्रामरनं २०१३ मध्ये मोबाईलसाठी सोनिकच्या नव्या आवृत्त्या बांधल्या, पडदा रुंद केला, आणि वेगात येणारा अडथळा आधी दिसू लागला. मूळ गेममध्ये सुसाट पळताना समोरचा काटा दिसेपर्यंत त्यावर आदळून सोनिकनं जमवलेल्या अंगठ्या विखुरलेल्या असायच्या. इथे मला मूळपेक्षा नवी आवृत्ती सरस वाटते, आणि हे मी जुन्याचा कट्टर असूनही म्हणतोय. उलट बाजू १९९९ च्या गेम बॉय कलरवरच्या मारिओत दिसते. २५६ पिक्सेल रुंदीचा गेम १६० पिक्सेलच्या पडद्यात कोंबला, म्हणजे पुढचा खड्डा दिसायलाच उशीर. पडदा किती पुढचं दाखवतो यावर अवघडपणा किती ठरतो, ते या दोन गेम्सवरून कळेल.

पडद्यावरूनच एक सूचना. चौकोनी चित्र ताणून अख्खा रुंद टीव्ही भरायचा मोह होतो, तो आवरा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या. ताणल्यावर मारिओ लठ्ठ तर दिसतोच, पण आडवं अंतर उभ्यापेक्षा जास्त भासतं आणि उडीचा अंदाज आणखी चुकतो.

प्रत्येक गेमला हा उशीर सारखा नडत नाही, हेही सांगायला हवं. जॉर्डन मेकनरचा १९८९ चा प्रिन्स ऑफ पर्शिया तुम्ही शाळेच्या कॉम्प्युटरवर खेळला असणार. त्यात राजपुत्र एकदा पळायला लागला की पाऊल पूर्ण करूनच थांबतो, म्हणून बटण आधीच ठरवून दाबावं लागतं. मेकनरनं स्वतःच्या भावाच्या हालचालींचं चित्रीकरण करून त्यावरून चित्रं काढली, तो जिवंतपणा त्यातूनच आला. अशा गेममध्ये पाचदहा मिलिसेकंदांचं काही वाटत नाही. कॉन्ट्रातली उडीही ठरावीक उंचीची, तिथे गोळ्या चुकवणं महत्त्वाचं. मारिओत मात्र बटण किती वेळ दाबलं आणि आधी किती पळालात यावर उडी ठरते, म्हणून उशिराचा फटका सगळ्यात जास्त तिथेच बसतो.

नव्या आवृत्त्यांमध्ये काही सेकंद मागे जायची सोय असते, त्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. मुलीला ती बेलाशक वापरू द्या. तुम्ही मात्र हात परत येईपर्यंत बंद ठेवा. खड्ड्यात पडून स्टेज पहिल्यापासून सुरू झाली की सोपा भाग परत परत पळावा लागतो, आणि त्या पळण्यातच बोटांना ताल सापडतो. मागे जाऊन थेट खड्ड्याच्या तोंडाशी उभं राहिलात तर धाव नसलेली उडी घोकत बसाल, आणि मारिओत उडीचा निम्मा जीव धावेत आहे. गायकानं आलाप टाळून रोज फक्त तीच अवघड तान घ्यावी, तशातला हा प्रकार होतो.

मुलीसाठी मी मारिओ १९८५ पासून सुरुवात करणार नाही. तुमच्या आठवणी तिच्या नाहीत. तिला तो रंगीत ठोकळ्यांचा, चिडखोर गेम वाटेल. २०२२ च्या सोनिक ओरिजिन्समध्ये ॲनिव्हर्सरी मोड आहे: रुंद पडदा, लाइफ संपण्याची भीती नाही. तिथून सुरू करा. फक्त त्यात सोनिक ३ चं काही ठिकाणचं संगीत बदललंय, तुम्हाला खटकेल, तिला कळणारही नाही. ती रमली की २०१८ चा सेलेस्ट द्या. तो रिमास्टर नाही, नवाच गेम आहे, पण जुन्या गेम्सचं मर्म ओळखून केलेला. कडा संपल्यावरही क्षणभर उडीचं बटण चालतं, जमिनीला टेकायच्या किंचित आधी दाबलं तरी उडी धरली जाते, आणि अगदीच अडलं तर असिस्ट मोडमध्ये वेग कमी करता येतो. सेलेस्ट अवघड आहे, पण अन्याय करत नाही. तो खेळल्यावर तुमचा मारिओ बघायला ती आपणहून येईल, अशी मला बरीच आशा आहे. नाही आली तर मागे लागू नका.

विकत घेताना एक व्यवहाराची गोष्ट. सोनिकची कंपनी सेगानं ओरिजिन्स येण्याआधी, मे २०२२ मध्ये, सोनिकच्या सुट्या जुन्या आवृत्त्या ऑनलाइन दुकानांतून काढून टाकल्या. निन्टेन्डोनं सुपर मारिओ थ्रीडी ऑल-स्टार्स सप्टेंबर २०२० ते ३१ मार्च २०२१ एवढाच काळ विकला. तेव्हा तुमच्याकडे एखाद्या गेमची जुनी डिस्क असेल किंवा खात्यावर जुनी खरेदी असेल, तर नवीन आली म्हणून जुनी काढून टाकू नका.

राहिला डबा टीव्ही. गेम मोड लावूनही समाधान झालं नाही, घरात जागा आहे आणि घरच्यांची ना नाही, तरच त्या वाटेला जा. अंबड लिंक रोडचा भंगारबाजार होता तेव्हा असे टीव्ही ढिगानं पडलेले असत. आता ओळखीपाळखीत विचारावं लागतं. शेवटच्या काळातले ‘१०० हर्ट्झ’ लिहिलेले सपाट काचेचे महागडे मॉडेल टाळा, तेही चित्र आत साठवून मग दाखवतात, म्हणजे ज्यासाठी घेतला तेच गेलं. साधा १४ किंवा २१ इंची, मागे पिवळी-पांढरी एव्ही पिन असलेला बघा. नवा कन्सोल त्याला थेट लागत नाही आणि मधे स्वस्तातला कन्व्हर्टर घातला तर तोच उशीर करतो, त्यामुळे डबा टीव्ही घेतलात तर जुन्या यंत्रासाठीच घ्या. डक हंट या बदकं टिपायच्या गेमची बंदूक वापरायची असेल तर त्याला पर्यायच नाही, ती एलसीडीवर चालत नाही. आणि मागचं झाकण स्वतः उघडू नका. टीव्ही बंद करून प्लग काढला तरी ट्यूबवर हजारो व्होल्ट टिकून राहतात. चित्र हललं, रंग फाटले, तर ट्यूबचं काम येणाऱ्या जुन्या कारागिराकडे न्या. अजून आहेत शहरात.

आधी गेम मोड, मग घड्याळाची चाचणी, एवढं करून टीव्हीचं मॉडेल आणि स्लो मोशनमध्ये आलेला आकडा इथे लिहा. त्यावरून पुढचं सांगतो.